सिगारला लागलेला तंबाखूचा किडा आणि फ्रीझर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्युमिडॉरचं, म्हणजे सिगार ठरावीक ओलाव्यात ठेवायच्या पेटीचं, झाकण उघडावं आणि एखाद्या सिगारच्या अंगावर टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक दिसावं, की पोटात गोळा येतो. मग हाताला लागेल त्या पिशवीत सगळे सिगार कोंबून फ्रीझरमध्ये ढकलले जातात. तसं करण्याआधी पाच मिनिटं काढून हे वाचा. किडा मारणं अवघड नाही. सिगार न फोडता तो मारणं मात्र जपून करायचं काम आहे, आणि बहुतेक सिगार गोठवताना फुटत नाहीत, बाहेर काढताना फुटतात.

सिगारला भोक पडलंय. म्हणजे किडाच का?

भोक नीट गोल असेल, कडा स्वच्छ असतील आणि आकार टाचणीच्या डोक्याएवढा असेल, तर किडाच धरून चाला. हाताळताना पान फाटलं तर कडा ओबडधोबड राहतात आणि चीर लांबट असते. पानाची जाड शीर तडकली तर चीर शिरेच्या कडेने जाते.

सगळ्यात भरवशाची परीक्षा कागदाची. पांढरा कोरा कागद घ्या, सिगार उभा धरून पेटवायचं टोक खाली करा आणि बोटाने हलकेच चार-पाच टिचक्या मारा. तंबाखूचे दोन-चार तुकडे पडले तर त्यात काही विशेष नाही. पण पिठासारखी बारीक, तपकिरी भुकटी पडली, बोटांत चोळल्यावर मऊ लागली, तर आत अळीने पोखरलेलं आहे. ही भुकटी म्हणजे अळीची विष्ठा आणि कुरतडलेला तंबाखू. अशा सिगारचं पान सोलून पाहिलं तर आत लांबीच्या दिशेने वाहत गेलेल्या नाल्या दिसतात. बाहेर एकच भोक आणि आत बोटभर बोगदा, असंही मी पाहिलं आहे.

प्रत्यक्ष किडा सापडला तर ओळखायला सोपा आहे. दोन ते तीन मिलिमीटर लांब, तांबूस तपकिरी, पाठीवर कुबड. डोकं इतकं खाली वाकलेलं असतं की वरून पाहिलं तर त्याला डोकंच नाही असं वाटतं. काडीने डिवचला की पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करतो. कागदावर पडलेला किडा हलत नाही म्हणून मेला असं समजू नका, मिनिटभर थांबून पाहा. अळी पांढरट, केसाळ, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकलेली आणि पूर्ण वाढली की चार मिलिमीटरच्या आसपास असते.

एक गैरसमज मात्र वारंवार होतो. एक मिलिमीटरहूनही लहान, फिकट, जवळजवळ पारदर्शक जीव ह्युमिडॉरच्या लाकडावर तुरुतुरु पळताना दिसले, तर त्या बहुधा पुस्तकातल्या उवा असतात. त्या तंबाखू पोखरत नाहीत, बारीक बुरशीवर जगतात. त्या दिसल्या तर आर्द्रता वाढली आहे असं समजा आणि आधी ती खाली आणा.

हा किडा आहे तरी कोण?

शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी. फॅब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७९२ साली त्याचं वर्णन केलं. तंबाखूचा म्हणून तो ओळखला जात असला तरी त्याला वाळलेलं जवळपास काहीही चालतं: तिखट, हळद, धान्य, वाळवलेली फुलं, पाळीव प्राण्यांचं कोरडं खाद्य, पुस्तकांच्या बांधणीतली खळसुद्धा. तुतनखामेनच्या थडग्यातल्या वस्तूंमध्येही त्याचे अवशेष सापडले आहेत. म्हणजे माणसाच्या साठवणीवर तो हजारो वर्षं जगत आला आहे.

निकोटिन हे खरं तर कीटकांना मारणारं विष. तरी हा तंबाखूवर पोसला जातो, कारण त्याच्या आतड्याजवळच्या पेशींमध्ये यीस्टसारखी बुरशी राहते. ती त्याला जीवनसत्त्वं पुरवते आणि अन्नातलं विष पचवायला मदत करते. सिगार कडक आहे म्हणून त्याला किडा लागणार नाही, ही समजूत म्हणूनच सोडून द्यावी.

डबा तर घट्ट बंद होता. किडा आत शिरला कसा?

बहुतेक वेळा तो शिरत नाही, आतच असतो. पानं गोदामात असताना मादी अंडी घालते. अंडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, पांढरट. पानाच्या सुरकुतीत बसली तर डोळ्यांना दिसत नाहीत. तंबाखू आंबवताना ढीग तापतो आणि त्यात बरीच कीड मरते, पण त्यानंतर पान पुन्हा साठवलं जातं, वळलं जातं, पेटीत भरलं जातं. मधल्या कोणत्याही टप्प्यावर नवी अंडी पडू शकतात.

दुसरी वाट म्हणजे आपलं स्वयंपाकघर. हा किडा चांगला उडतो, आणि मसाल्याच्या जुन्या डब्यातून ह्युमिडॉरपर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागत नाही. सिगारला कीड लागली की घरातले मसाल्यांचे, कोरड्या खाद्याचे डबेही एकदा उघडून बघाच.

इतके महिने काही नव्हतं, अचानक का?

उष्णतेमुळे. अंडी आणि बारीक अळ्या थंडाव्यात नुसत्या पडून राहतात. साधारण १८ अंश सेल्सियसच्या खाली त्यांची वाढ जवळजवळ थांबते, २४ च्या वर ती वेग घेते आणि ३० अंश व ७० टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता म्हणजे त्यांचं नंदनवन. आर्द्रतेच्या बाबतीत आपण सिगारसाठी जे करतो ते किड्यालाही मानवतं. आपल्या हातात उरतं ते तापमान.

मादी सुमारे शंभरपर्यंत अंडी घालते. अनुकूल उष्णतेत ती सहा ते दहा दिवसांत फुटतात. मग काही आठवडे अळी खात राहते, कोष करते, आणि कोषातून निघालेला किडा पान कुरतडून बाहेर येतो. तुम्हाला दिसतं ते गोल भोक या शेवटच्या टप्प्यातलं, म्हणजे बाहेर पडण्याची वाट. खाण्याचं नुकसान त्याआधीच झालेलं असतं. उकाड्यात हे सगळं चक्र महिना-दीड महिन्यात पुरं होतं, थंडाव्यात तीन महिनेही लागतात. हा हिशोब लक्षात ठेवा, शेवटच्या प्रश्नात तो पुन्हा लागेल.

गोठवल्याने अंडीसुद्धा मरतात का?

हो, थंडी पुरेशी असेल आणि ती सिगारच्या गाभ्यापर्यंत पुरेसा वेळ टिकली तर. हा किडा मुळात उष्ण प्रदेशातला, कडाक्याची थंडी सोसायची त्याची तयारी नसते. सिगार उद्योगातही गोठवणं ही रुळलेली पद्धत आहे. क्यूबाचे हबानोस सिगार निर्यातीआधी खोल गोठवले जातात. संग्रहालयांतही कापड आणि पुस्तकं किडीपासून वाचवायला हाच उपाय करतात.

माझं माप असं: फ्रीझर उणे १८ अंश किंवा त्याहून थंड, सुटे सिगार पूर्ण पाच दिवस, भरलेली पेटी सात दिवस. तीन दिवसांत काम होतं असं अनेक जण सांगतात, आणि गाभा खरोखर उणे १८ ला पोचला असेल तर ते पटण्यासारखं आहे. पण घरच्या फ्रीझरचं दार दिवसातून दहादा उघडतं, पेटीच्या मधोमध बसलेला सिगार सगळ्यात उशिरा गार होतो, आणि दोन दिवस जास्त ठेवल्याने सिगारचं काही बिघडत नाही. एक अंडं वाचलं तर सगळं पहिल्यापासून. म्हणून मी जास्तीचे दिवस देते.

माझा फ्रीझर पुरेसा थंड आहे हे कसं कळणार?

फ्रीझरच्या बटणावरचा आकडा पाहून नाही. फ्रीझरमध्ये चालणारा साधा थर्मामीटर दोन पिशव्यांच्या मध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. उणे १८ दिसलं तर चांगलं. उणे १२ च्या आसपास घुटमळत असेल तर बटण सगळ्यात थंडवर न्या, आतली गर्दी कमी करा आणि पुन्हा मोजा.

एकदारी जुन्या फ्रिजमधला वरचा बर्फाचा कप्पा या कामाचा नाही. बर्फ जमतो म्हणजे किडा मरतो असं नव्हे. बर्फ शून्याला जमतो, आपल्याला त्याच्या पुष्कळ खाली जायचं आहे.

आपोआप दंव वितळवणारे फ्रीझर थोड्या थोड्या वेळाने आतली नळी तापवतात. अशा फ्रीझरमध्ये सिगार मागच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, मध्यभागी ठेवा, आणि पिशवीचं आवरण दुहेरी करा. दिवस मोजताना हात सैल सोडा.

पिशवी कशी भरायची?

इथे वेळ घालवा. फ्रीझरमधली हवा फार कोरडी असते. २० अंशांना एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, उणे १८ ला जेमतेम एक ग्रॅम. पिशवी गळकी असेल तर सिगारमधला ओलावा हळूहळू बाहेर जातो आणि मासळी-मांसाचे वास आत येतात. तंबाखू वास धरून ठेवतो आणि मग तो लवकर सोडत नाही.

फ्रीझरसाठीच मिळते ती जाड झिपलॉक पिशवी घ्या. नेहमीची पातळ पिशवी थंडीत कडक होऊन शिवणीजवळ तडकते. सिगार एका थरात, एकमेकांवर न दाबता ठेवा. झिप एका कोपऱ्यापर्यंत बंद करा, तळहाताने हलक्या हाताने हवा बाहेर काढा, मग कोपरा मिटा. हवा ओढून काढणारं यंत्र वापरू नका, ते पिशवी आवळतं आणि सिगार चपटे होतात. ही पिशवी तशाच दुसऱ्या पिशवीत घाला. मग पूर्ण पिशवी एका कडक झाकणाच्या डब्यात ठेवली तर उत्तमच, कारण गोठलेला सिगार काचेसारखा ठिसूळ असतो आणि त्यावर कोणी बर्फाचा साचा आपटला तर पान उडतंच.

पिशवीत घालण्याआधी ओलावा देणारी पाकिटं आणि आर्द्रतामापक बाहेर काढा. सिगारची आर्द्रता आधीच ६५ टक्क्यांच्या आसपास असलेली बरी. फार ओले, स्पंजासारखे दबणारे सिगार असतील तर पहिले काही दिवस कोरड्या बाजूला आणा आणि मग गोठवा. पण त्या दिवसांत ते इतर सिगारांपासून वेगळ्या बंद डब्यात राहतील हे बघा.

पिशवीवर आजची तारीख आणि आत काय आहे ते ठसठशीत लिहा. मुलांचा हात पोचतो अशा घरात हा डबा फ्रीझरच्या वरच्या कप्प्यात, मागे ठेवा. तंबाखू गिळला गेला तर लहान मुलाला निकोटिनची विषबाधा होते.

फ्रीझरच्या आधी एक दिवस फ्रिजमध्ये ठेवायला हवं का?

यावर दोन मतं आहेत आणि दोन्हींमागे कारण आहे. सिगारवाले म्हणतात, पान एकदम गारठलं तर फुटेल, पायरी-पायरीने न्या. संग्रहालयवाले उलट सांगतात: कीटकाला सावकाश थंडीची सवय होऊ द्यायची नाही, शक्य तितक्या लवकर गोठवा.

माझं मत असं की जाताना फ्रिजची पायरी चालेल, पण ती एका रात्रीपुरती. झटपट थंड झाल्यामुळे, पिशवी नीट बंद असताना, सिगार फुटलेला मी पाहिलेला नाही. तंबाखूतला ओलावा पानाच्या तंतूंना धरून असतो, बाटलीतल्या पाण्यासारखा गोठून फुगून तो पान फाडत नाही. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तर किड्यालाही फार फायदा मिळत नाही, पुढचे पाच दिवस त्याला पुरून उरतात. मात्र चार-चार दिवस फ्रिजमध्ये ठेवून मग फ्रीझरमध्ये टाकणं टाळा. बाहेर काढतानाची फ्रिजची पायरी ऐच्छिक नाही, ती लागतेच.

पूर्ण पेटीच गोठवली तर?

चालेल. पेटी प्लॅस्टिकच्या पातळ कागदात दोन-तीन वेढे देऊन गुंडाळा, मग मोठ्या पिशवीत, मग दुसऱ्या पिशवीत. लाकूड आणि आतली हवा उष्णता अडवतात, त्यामुळे गाभा गार व्हायला वेळ लागतो. सात दिवस ठेवा, आणि बाहेर काढतानाही प्रत्येक पायरी दुप्पट करा.

सेलोफेन, ॲल्युमिनियमची नळी, सिगारवरचा नावाचा कागदी पट्टा काढायचा का?

काहीही काढू नका. सेलोफेन सिगारला हाताच्या आणि घासण्याच्या इजेपासून वाचवतं. पण सेलोफेन असल्याने किडा शेजारच्या सिगारला जाणार नाही, या भरवशावर राहू नका. कागद आणि सेलोफेन तो कुरतडून पार करतो.

बाहेर कसे काढायचे?

सगळी कसोटी इथे आहे.

फ्रीझरमधून काढलेली पिशवी न उघडता सरळ फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. पूर्ण २४ तास. मग फ्रिजमधून काढून खोलीतल्या सावलीच्या जागी, पिशवी तरीही बंद, आणखी २४ तास. सुरुवातीला बाहेरच्या पिशवीला घाम फुटेल. तो पुसून घ्या, आत पाहायचा मोह आवरा. घाम पिशवीवर आला म्हणजे तेवढं पाणी सिगारवर आलं नाही, पिशवीने तिचं काम केलं. पिशवी हाताला खोलीइतकीच वाटू लागली आणि बाहेर थेंब उरला नाही, की उघडा.

हे मी शिकले ते सहा सिगार घालवून. पाच दिवस नीट गोठवले होते, पिशव्याही दुहेरी होत्या. दमट संध्याकाळ होती, दोन मित्र यायचे होते, आणि फ्रिजची पायरी गाळून मी पिशवी सरळ ओट्यावर उघडली. डोळ्यांदेखत सिगारांवर दव धरलं, बारीक, चमकणारं, द्राक्षाच्या घडावर असतं तसं. पुसायला गेले तर ओल्या पानाची साल बोटाला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी चार सिगार टोकापासून पट्ट्यापर्यंत उभे तडकलेले होते, आणि संध्याकाळपर्यंत आणखी दोन.

पण तडकतात का? पाणी तर सुकून जातं ना?

सिगार हा एकजीव पदार्थ नाही. सगळ्यात वर रॅपर, कागदाहून पातळ. त्याखाली बाइंडर, आणि आत फिलरची घडी घातलेली पानं. प्रत्येक थर वेगळ्या वेगाने पाणी पितो आणि फुगतो. थंड पानावर दव धरलं की ते टोकाच्या उघड्या फिलरमध्ये आधी शिरतं. आतली पानं फुगतात, वरचं पातळ रॅपर तेवढं ताणलं जात नाही, आणि शिवण सुटावी तसं ते उभं फाटतं. त्यात गोठलेला सिगार बोटांनी दाबून पाहिला, तर ठिसूळ पानाला आधीच बारीक चिरा पडलेल्या असतात.

म्हणून दोन गोष्टी: गार असताना उघडू नका, गार असताना दाबू नका.

गोठवल्याने चव बिघडते का?

नीट बंद केलेल्या सिगारमध्ये मला फरक जाणवलेला नाही. बाहेर काढल्यावर लगेच ओढला तर सिगार कधी फिका, कधी असमान जळणारा लागतो. ते ओलावा अजून सगळीकडे सारखा न बसल्यामुळे. ह्युमिडॉरमध्ये किमान दोन आठवडे, भरलेल्या पेटीला महिनाभर द्या. चव खरी बिघडते ती फ्रीझरचा वास लागल्याने, आणि त्यावर इलाज नाही.

ह्युमिडॉरचं काय करायचं?

तो रिकामा करून साफ केल्याशिवाय गोठवलेले सिगार परत ठेवू नका. सगळे ट्रे, कप्पे, ओलाव्याचं साधन बाहेर काढा. कोपरे, सांधे, बिजागऱ्यांच्या खाचा व्हॅक्यूम क्लीनरच्या निमुळत्या तोंडाने ओढून घ्या. भुकटी आणि मेलेले किडे तिथेच साठतात. मग ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने पुसा आणि झाकण उघडं ठेवून वाळू द्या. साबण नको, सुगंधी पुसणी नकोत, कीटकनाशकाचा फवारा तर मुळीच नको. लाकूड ते सगळं शोषून घेतं आणि नंतर सिगारला देतं. व्हॅक्यूमची पिशवी घराबाहेर टाका.

लाकडी ह्युमिडॉर फ्रीझरमध्ये घालण्याच्या भानगडीत पडू नका. सांधे हलले तर झाकण पुन्हा कधी घट्ट बसत नाही. साफ करून सिगार गोठत आहेत तोवर रिकामा उघडा ठेवा, मग आर्द्रता पुन्हा बसवा.

स्पॅनिश सीडरचं लाकूड किडा दूर ठेवतं ना?

त्यावर विसंबू नका. हे लाकूड खरं सीडर नव्हेच, महोगनीच्या कुळातलं आहे. त्याचा सुवास छान, ओलावा सांभाळण्याचा गुण त्याहून छान. पण सिगारच्या आत बसलेल्या अळीला त्याचं काहीही होत नाही. सीडरच्या पेटीतून आलेल्या किडक्या सिगारांची संख्या पाहिली की हा भ्रम राहत नाही.

एकाच सिगारला भोक आहे. बाकीचे चांगले दिसतात. सगळे गोठवू?

सगळे. भोक दिसतं ते किडा बाहेर पडल्यावर. शेजारच्या सिगारमध्ये आत्ता अंडी असतील तर आज ती दिसणार नाहीत, पाच आठवड्यांनी भोकं दिसतील. ज्या ह्युमिडॉरमध्ये एक किडा सापडला तिथला प्रत्येक सिगार संशयित धरा.

भोक पडलेला सिगार मात्र वेगळ्या पिशवीत घालून टाकून द्या. त्यात हवा शिरते, झुरका लागत नाही, एका बाजूने जळत जातो. एखादं भोक तंबाखूच्या पानाच्या तुकड्याने आणि वनस्पतिजन्य डिंकाने बुजवता येतं, पण आत बोगदा असेल तर डागडुजीला अर्थ नाही.

पांढरे डाग आहेत, भोक नाही. गोठवू का?

नको. ती बुरशी आहे. थंडीने बुरशी झोपते, मरत नाही. बाहेर आल्यावर पुन्हा वाढेल. वेगळं करा, आर्द्रता कमी करा. पायाशी, म्हणजे पेटवायच्या टोकातल्या फिलरमध्ये बुरशी गेली असेल तर तो सिगार ठेवू नका.

मायक्रोवेव्ह, ओव्हन, कीटकनाशक, धान्यात ठेवायच्या गोळ्या? लवकर होईल असं काहीतरी?

मायक्रोवेव्हमध्ये सिगार असमान तापतो. कुठे भाजतो, कुठे अळी जिवंत राहते. ओव्हनने किडा मरेल, पण त्यासोबत तेलं आणि सुवासही जाईल. फवारा मारलेला सिगार पेटवला तर ते रसायन तुम्ही श्वासातून आत घ्याल.

धान्यातल्या गोळ्यांबद्दल मला अगदी स्पष्ट सांगायचं आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ओलाव्याशी संबंध आला की फॉस्फिन वायू सोडतात. तंबाखूची मोठी गोदामं याच वायूने धुरावतात, पण तिथे प्रशिक्षित माणसं, वायुमापक आणि सीलबंद जागा असते. घराच्या खोलीत, त्यात दमट ह्युमिडॉरमध्ये, अशी गोळी ठेवणं म्हणजे घरात झोपलेल्या माणसांचा जीव धोक्यात घालणं. या वायूवर कोणताही उतारा नाही, आणि अशा गोळ्यांनी घरांत मृत्यू झालेले आहेत. कोणी कितीही खात्रीने सुचवलं तरी हात लावू नका. शिवाय या वायूला दाद न देणारे तंबाखूचे किडे अनेक देशांत सापडले आहेत.

सिगार कारखान्यातच गोठवून येतात. मग पुन्हा का?

अनेक उत्पादक गोठवतात, सगळे नाही. गोठवलेला सिगारही नंतर उघड्या गोदामात किंवा दुकानाच्या कपाटात राहिला तर त्याला नवी लागण होऊ शकते. नव्याने आणलेले सिगार मी थेट जुन्यांत कधीच ठेवत नाही. वेगळ्या बंद डब्यात ठेवते, किंवा आल्याबरोबर गोठवते. हाताने वळणाऱ्या छोट्या कारागिराकडून आणलेले असतील तर हमखास गोठवते.

एकदा गोठवलेला सिगार पुन्हा गोठवायला हरकत नाही, पण उगीच दर महिन्याला करू नका. प्रत्येक फेरीत पान थोडं कोरडं होतं आणि हाताळणी वाढते.

किडा लागलेला सिगार ओढला गेला. काही होईल का?

किड्याने नाही. तो चावत नाही, रोग पसरवत नाही. पण किडा मेला म्हणून सिगार निर्धोक झाला असं कोणी समजू नये. सिगारच्या धुराने तोंडाचा, घशाचा आणि फुप्फुसांचा कर्करोग होतो, तो किडका असो वा नसो. ओढायचा असेल तर हे माहीत असून ओढावा.

किडा पूर्ण गेला हे कधी म्हणायचं?

मघाचा हिशोब इथे लागतो. चक्र पुरं व्हायला थंडाव्यात तीन महिने लागतात, म्हणून तीन महिने लक्ष ठेवायचं. ह्युमिडॉरचं तापमान १८ ते २१ अंशांत आणि आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास ठेवा. तापमान खाली आणता येत नसेल तर ह्युमिडॉर घरातल्या सगळ्यात गार, उन्हापासून लांब कोपऱ्यात हलवा. बाहेरच्या भिंतीला टेकून किंवा यंत्रांच्या जवळ नको.

सिगारांखाली पांढरा कागद अंथरा. आठवड्यातून एकदा तो काढून उजेडात पाहा आणि त्याच वेळी दोन-तीन सिगारांना टिचकी मारा. खोलीत, ह्युमिडॉरच्या बाहेर, मादीच्या गंधाचा चिकट सापळा लावला तर उडणारे नर त्यात अडकतात. सापळ्याने कीड संपत नाही, पण घरात कुठे आहे ते कळतं. सापळ्यात किडे आणि कागद स्वच्छ, असं दिसलं तर मसाल्याच्या डब्यांकडे वळा.

कागदावर भुकटी दिसली तर पुन्हा पहिल्यापासून: सगळे बाहेर, पिशव्या, पाच दिवस. नव्वदाव्या दिवशी कागद कोरा असेल तर गोठवल्याची तारीख पेटीच्या तळाला पेन्सिलने लिहून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा तपासताना ती लागेल.